आजचा जागेचा भाव

सोमवार, ३ मार्च

ही आज बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, महिनाभर तरी तिकडेच मुक्काम. निघताना दारात उभं राहून सूचना झाल्या. गॅस बंद केलात का ते दोनदा बघा, दूध उतू घालवू नका, माझ्या मशीनवर तुमचे मेलेले लॅपटॉप रचू नका. शेवटची सूचना दोनदा झाली. दुकानामागच्या एका खोलीत मी, ही, हिचं शिलाई मशीन आणि माझ्याकडे दुरुस्तीला येऊन परत न गेलेले लॅपटॉप असा आमचा संसार आहे. लॅपटॉप पलंगाखाली आहेत, कपाटावर आहेत आणि खरं सांगायचं तर पलंगावरही आहेत.

रिक्षात बसण्याआधी तिने सवयीने मान वर करून इमारतीकडे बघितलं. वरचा मजला मालकांनी कित्येक वर्षं कुलपात ठेवलाय. भाव आणखी चढले की विकणार म्हणतात. ही रोज कपडे वाळत घालताना त्या बंद खिडक्यांकडे बघते. कशासाठी बघते कोण जाणे.

घर शांत झालं म्हणून ही वही काढली. धंद्यात उडी मारायच्या आधी माणसाने लिहून ठेवावं, म्हणजे पुढे आठवणीवर विसंबून राहावं लागत नाही.

उडी अशी, की लोकांचे लॅपटॉप भरलेत. रोज कुणीतरी येऊन सांगतं, 'जागा संपली.' त्यातली जुनी, गरगर फिरणारी हार्ड डिस्क काढायची आणि एसएसडी बसवायची. एवढीशी पट्टी असते, च्युइंगगमच्या पाकिटाएवढी. फिरता भाग नाही, आवाज नाही, आणि जागा दुप्पट. दर वर्षी पट्टीतली जागा वाढतेय आणि भाव उतरतोय. गेली दोन वर्षं मी हिला जेवताना सांगतोय, भाव उतरले की जागा घ्यायची. हीसुद्धा दर वेळी म्हणते, "घेऊ या ना, जरा भाव उतरू देत." बँकेत आमचं एक खातं आहे. तिच्या शिलाईतलं आणि माझ्या दुरुस्तीतलं उरलंसुरलं त्यात पडतं. आम्ही दोघंही त्याला जागेचं खातं म्हणतो. बाकी कशात नाही, पण या एका बाबतीत आमचं एकमत आहे.

परवा बॅग भरताना ती म्हणालीच, "घ्या हो एकदाची जागा. किती वर्षं नुसतं बोलायचं?"

आता याहून स्पष्ट परवानगी कुठल्या नवऱ्याला मिळते?

गुरुवार, ६ मार्च

घेतली!

घाऊकवाल्याचं दुकान बाजारामागच्या गल्लीत, दोन पायऱ्या उतरून आहे. तो म्हणाला, "याच्या खाली भाव गेला तर मिशी उतरवीन." मिशी चांगली भरघोस आहे, म्हणजे माणूस विचार करूनच बोलत असणार. अर्ध्या-अर्ध्या टेराबाइटच्या पट्ट्यांचं अख्खं खोकं उचललं. जागेचं खातं रिकामं झालं. पण पैसे ज्या नावाने साठवले त्याच नावाला लागले. खोकं खांद्यावर घेऊन आलो आणि माळ्यावर चढवलं.

संध्याकाळी हिचा फोन. मी आढेवेढे न घेता सांगून टाकलं, "जागा घेतली."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज. मग, "काय सांगताय?"

"भाव एकदम खाली आले होते. सगळं खातं मोकळं केलं. कुणाचं देणं नाही की घेणं नाही."

"अहो, पण कुठे घेतलीत?"

"कुठे म्हणजे? इथेच आहे. वर, माळ्यावर."

"कितव्या?"

"आपल्याकडे माळा एकच आहे ना?"

"म्हणजे आपल्याच इमारतीत!" ती ओरडलीच. मग हुंदका ऐकू आला. मी घाबरलो. पण ती आनंदाने रडत होती. बहिणीला हाक मारून म्हणाली, "अगं, ह्यांनी जागा घेतली गं!" बहीण ऑपरेशनच्या गुडघ्यासकट उठल्याचा आणि 'आई गं' म्हणून पुन्हा बसल्याचा आवाज आला.

मग हिने प्रश्नांची फैर झाडली. आवाज फार येत नाही ना? मी म्हटलं, शून्य, कान लावला तरी काही ऐकू येणार नाही. उन्हाळ्यात तापते का? म्हटलं, दिवसभर काम घेतलं तर जराशी कोमट होईल, एवढंच. खिडक्या उघडतात का? विंडोजला ही खिडक्या म्हणते हे मला फार आवडलं. म्हटलं, "फटकन उघडतात. जुन्यात मिनिटभर वाट बघावी लागायची."

"हो ना, इतकी वर्षं बंद होत्या. आणि पाणी?"

"पाण्याचा थेंब लागता कामा नये."

"बरं, वरपर्यंत चढत नसेल. मी खालून नेईन. त्याचं काही वाटून घेऊ नका."

तंत्रज्ञानात हिला इतका रस आहे हे लग्नाला इतकी वर्षं होऊन मला कळलंच नव्हतं. हार्डवेअरसाठी रडणारी बायको किती जणांच्या नशिबात असते?

रविवार, ९ मार्च

सकाळी साडूभाऊंचा फोन. या माणसाने मला कधी वाढदिवसाला फोन केलेला नाही. त्यांचं स्वतःचं घर आहे आणि ते आहे हे ते विसरू देत नाहीत.

"ऐकलं ते खरं का? रोखीत घेतलीत?"

"रोखीत."

त्यांनी पलीकडचा टीव्ही बंद केला. यांच्या घराचे हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे असेल. मग खोल आवाजात म्हणाले, "आहे किती पण?"

"सुटी सुटी आहे. सगळी एकत्र केली तर चाळीस टेरा."

"काय? टेरेससकट?"

लाइन खराब होती. मी म्हटलं, "हो हो. चाळीस."

फोन कट झाला की त्यांनी ठेवला, कळलं नाही.

सोमवार, १० मार्च

दुकानाबाहेर फळा लावला. 'आजचा जागेचा भाव' आणि खाली आकडा. 'लॅपटॉपमधल्या' हा शब्दही घालणार होतो, पण फळा लहान आणि माझं अक्षर मोठं. शिवाय दुकान कशाचं आहे ते पाटीवर लिहिलेलंच आहे. पाटी उन्हाने पांढरी पडलीय खरी, पण गल्लीतल्या लोकांना काय नवीन आहे?

दिवसभरात बरेच जण थांबून वाचून गेले. दोघं तर रस्ता ओलांडून आले, वाचलं, एकमेकांकडे बघितलं आणि घाईने निघून गेले. सुरुवात चांगली आहे.

गुरुवार, १३ मार्च

भाव पडला.

घाऊकवाल्याचा मेसेज सकाळीच. मी ज्या भावात अर्धा टेरा घेतला, त्या भावात आता जवळजवळ अख्खा येतो. मी फोन करून त्याला मिशीची आठवण करून दिली. तो म्हणाला, "अहो, कारखानेवाले माझ्या मिशीला विचारून भाव ठरवतात का?"

मला चहा जाईना. माळ्यावरच्या खोक्याकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघावं तर खोलीत दुसरीकडे अशी बाजूच नाही. शेवटी फळ्यावरचा आकडा पुसून नवा, खालचा लिहिला. भाव उतरला की झुंबड उडेल, हा माझा हिशेब.

झुंबड उडाली नाही. एक गिऱ्हाईक आलं, आकडा बघून खूश झालं आणि म्हणालं, "अजून उतरेल ना? मग तेव्हाच येतो."

शनिवार, १५ मार्च

भाव पुन्हा खाली. फळा पुसला, लिहिला.

दुपारी समोरचा एजंट आला. घरं, गाळे, प्लॉट अशी कामं करतो, इस्त्रीचा शर्ट असतो नेहमी. आज घामाने भिजला होता.

"हे काय लावलंय बाहेर? माझी गिऱ्हाइकं बिथरलीत. दोघांनी ठरलेला व्यवहार मोडला."

"तुमचा आणि माझ्या फळ्याचा काय संबंध? तुम्ही तुमच्या जागा विका, मी माझ्या विकतो."

"तुमच्याकडे कुठून आल्या?"

"घाऊकवाल्याकडून."

"घाऊक?" त्याने दाराच्या चौकटीला धरलं. "किती?"

"खोकंभर."

तो मटकन स्टुलावर बसला. रेट तरी कुठून कळतात, असं पुटपुटला. मी म्हटलं, रोज सकाळी मेसेज येतो. हा आपल्या धंद्यात हात घालायच्या बेतात दिसतोय. मी काही घाऊकवाल्याचा पत्ता दिला नाही.

मंगळवार, १८ मार्च

आज हिला सांगितलं. सांगावं की नाही यावर दोन दिवस घालवले. मी हिच्यापासून काही लपवत नाही, फक्त थोडं उशिरा सांगतो.

"अगं, भाव उतरले."

"कशाचे?"

"जागेचे. आपण घेतली आणि लगेच उतरले. जवळजवळ निम्मे."

मी डोळे मिटून कान फोनला घट्ट लावून बसलो. आता तोफ सुटणार. पण ती हलकेच म्हणाली, "मग काय झालं? आपल्याला कुठे विकायचीय? राहायचंच आहे ना?"

"राहणार असंच दिसतंय. कुणी घेतच नाही."

"मग सोडा ती काळजी. उतरू देत भाव. आयुष्यात तुम्ही एक गोष्ट माझ्या मनासारखी केलीत, आता तिच्या भावाकडे बघू नका."

फोन ठेवून मी बराच वेळ पलंगाच्या मोकळ्या कोपऱ्यावर बसून राहिलो. या बाईला मी ओळखलंच नाही. उद्या दुकानात बसून तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये दोन पट्ट्या फुकट बसवायच्या, असं ठरवलं.

बुधवार, १९ मार्च

बसवल्या नाहीत. लॅपटॉप सापडला नाही. बहुतेक खालून तिसरा असावा.

शुक्रवार, २१ मार्च

मालक रोज हात मागे बांधून फळ्यासमोर उभे राहतात. आधी एकदा यायचे, आता तीनदा येतात. आज आत आले.

"लॅपटॉपवाले, खरं सांगा. अजून पडतील?"

"पडतीलच. थांबायचं लक्षण नाही."

"पण असं एकाएकी झालं काय?"

मालकांसारख्या जुन्या माणसाने विचारावं, म्हणजे समजावून सांगणं आलंच. मी म्हटलं, "मालक, पूर्वी जागा वाढवायची तर आडवी पसरावी लागायची. आता कारखानेवाले थरावर थर चढवतात. तेवढ्याच जागेत."

"थर म्हणजे मजले?"

"मजलेच म्हणा. दोनशेच्या वर गेलेत."

"दोनशे मजले!" मालकांनी स्टूल ओढलं. "जमीन केवढी लागते त्याला?"

मी अंगठ्याचं नख दाखवलं. मालकांनी पाणी मागितलं. प्यायले, तोंड पुसलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "माझीही एक वर पडून आहे. कुलपात. भाव चढेल म्हणून ठेवली होती."

"केव्हाची?"

"वडिलांच्या वेळची."

मला दया आली, पण अशा वेळी खोटा धीर देणं बरं नाही. "मालक, त्या काळातली म्हणजे आता भंगारच. घरघर करत असणार. उद्या फुकट दिलीत तरी लोक म्हणतील, ठेवायची कुठे?"

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, एकदा दाखवा तर खरी, काही करता येतं का बघतो. मालकांनी मान हलवली आणि भिंतीला धरत धरत गेले. एका जुन्या हार्ड डिस्कवर माणसाचा एवढा जीव असू शकतो!

सोमवार, २४ मार्च

हिने फोनवर विचारलं, "कुणाच्या नावावर आहे?"

"बिल दुकानाच्या नावावर."

"आणि माझं नाव?" आवाज एकदम लहान झाला होता. "पैसे निम्मे माझेही होते हो. पाटीवर तरी घाला."

मी तडक माळ्यावर चढलो आणि मार्करने खोक्यावर तिचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात. फोनवर सांगितलं, घातलं. ती म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, "मोठ्या अक्षरात." ती म्हणाली की तिने तिकडे बहिणीच्या मशीनवर पडदे शिवायला घेतलेत. बहिणीकडे पडदे नाहीत वाटतं.

भाव आजही खाली. एक पट्टी विकली गेली. त्या गिऱ्हाइकाने पिशवी हातात घेतल्यावर विचारलं, "उद्या आलो असतो तर?"

शुक्रवार, २८ मार्च

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी मालक किल्ली घेऊन आले. म्हणाले, चला, दाखवतो. मी स्क्रू-ड्रायव्हरचा संच घेतला. मालकांनी वरचं कुलूप तेल सोडून उघडलं. आत दोन खोल्या, स्वयंपाकघर, धूळ आणि चारही बाजूंनी खिडक्या. मी कोपरे बघितले, भिंतीतलं कपाट उघडून बघितलं. कॉम्प्युटर कुठेच नाही.

"कुठाय?"

"ही काय," मालक दोन्ही हात पसरून म्हणाले. "घ्या बघून. काय करता येईल ते सांगा. फुकट सोडून जे द्याल ते द्या."

मी तसाच स्क्रू-ड्रायव्हर धरून उभा. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात ही. दोन्ही हातांत पिशव्या. चार दिवस आधीच आली होती. म्हणाली, "खाली दुकान उघडं टाकून गेलात. एजंट म्हणाले, वर गेलेत, जागा बघायला. मी म्हटलं, बघायला कशाला, आमचीच आहे ती."

आणि ती आत आली. चपला बाहेर काढून आली. मधल्या खोलीत उभी राहिली, ऐकत. "खरंच हो, आवाज नाही." मग एक खिडकी ढकलली. ती उघडेना, दुसऱ्यांदा खांदा लावला तेव्हा धाडकन उघडली आणि उजेड थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. तिने स्वयंपाकघरातला नळ फिरवला. नळ खोकला, लाल पाणी ओकला आणि मग स्वच्छ धार लागली. "पाणी आहे की! थेंब नाही म्हणालात!" ती हसायला लागली. मी तिला असं हसताना किती वर्षांत पाहिलं नव्हतं ते मला आठवेना.

"इथे माझं मशीन. ह्या खिडकीशी. आणि तुमचे लॅपटॉप खालीच राहतील, एकही वर येणार नाही. ह्या भिंतीला ओल आहे वाटतं."

"ओल आहे, कमी करू," मालक घाईघाईने म्हणाले.

"दाराची कडी सैल आहे."

"कडीचेही कमी करू."

तिला कळलं नाही मालक काय कमी करतायत. मला त्याच क्षणी कळलं. सगळंच कळलं. माळा, खिडक्या, पाणी, पाटी, पडदे, साडूभाऊ, एजंट, दोनशे मजले. मालक माझ्या कानाशी लागून एक आकडा बोलले. तो इतका खाली होता की जागेचं खातं महिन्याभरापूर्वी जसं होतं तसं असतं, तर ही जागा आज आमची झाली असती. खात्यात आता काहीच नव्हतं. तरी एक विचार मनात आला, तोही लिहून ठेवतो. गप्प राहावं, मालकांच्या घाबरण्यावर घर पदरात पाडून घ्यावं, पैसे पुढच्या वर्षी देतो म्हणावं. मालक हो म्हणाले असते. हिला कधीच काही कळलं नसतं.

ही खिडकीत उभी होती, पाठमोरी. तिच्याकडे बघून मला जमलं नाही. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

"दोघंही ऐका," मी म्हटलं. "भाव पडलेत ते लॅपटॉपमधल्या जागेचे. घरांचे नाही. फळा लहान होता."

मालकांना वेळ लागला. ओठ हलवत त्यांनी ते स्वतःशी दोनदा म्हणून बघितलं. "म्हणजे माझी पडलेली नाही?"

"तुमची जागच्या जागी आहे."

त्यांनी मला मिठी मारली. मग भिंतीला मारली, ओल असलेल्या. हिने हळूच वळून विचारलं, "मग ही कुणाची?"

"मालकांची."

"आणि आपली?"

मी तिला खाली घेऊन आलो. माळ्यावरून खोकं काढलं. तिने त्यावरचं स्वतःचं नाव वाचलं. मी एक पट्टी तिच्या तळहातावर ठेवली.

"आवाज नाही," ती म्हणाली. "तापत नाही. खिडक्या फटकन उघडतात. हे मी माझ्या बहिणीला सांगितलं. तिच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं."

"मी एकही शब्द खोटा बोललो नाही गं."

"एकच तर शब्द होता."

"मला वाटलं आपण दोन वर्षं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय."

"मलाही तेच वाटलं," ती म्हणाली आणि पट्टी खोक्यात जिथून काढली तिथे नीट परत ठेवली. ती ओरडली असती तर मी टिकलो असतो.

सोमवार, ३१ मार्च

ती बोलत नाही. जेवण वाढते. मी फळ्यावर 'लॅपटॉपमधल्या' हा शब्द बारीक अक्षरात बसवला. आधी का नाही बसला?

समोरच्या एजंटने मला हार घालायचा तेवढा बाकी ठेवलाय. त्याच्याकडे रांग आहे. सगळ्यांना आजच घर हवंय.

बुधवार, २ एप्रिल

आज ती मालकांकडे गेली. मला न विचारता गेली आणि येऊन सांगितलं, वरची जागा भाड्याने घेतली. मालक आता मेले तरी विकणार नाहीत, पण आनंदाच्या भरात भाडं अगदी बेताचं बोलले आणि शुद्धीवर यायच्या आत हिने कागदावर सही घेतली. भाडं तिच्या शिलाईतून. कागदावर नाव तिचं एकटीचं.

"छान झालं," मी म्हटलं. "सामान कधी हलवायचं?"

"माझं उद्या," ती म्हणाली.

गुरुवार, ३ एप्रिल

मशीन हलवायला समोरचा एजंट आणि त्याचा भाऊ आले. मी पुढे झालो तर ती म्हणाली, "तुम्ही दुकान सांभाळा." पडदे गडद हिरवे आहेत. खाली रस्त्यावर उभं राहिलं की दिसतात.

खोलीत मशीनच्या जागी मोकळा चौकोन राहिला. सवयीने मी तिथे चार लॅपटॉप ठेवले. मग उचलले. मग कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून हातात धरून बसलो.

मंगळवार, ८ एप्रिल

घाऊकवाल्याने आता दोन टेराची पट्टी आणलीय. मिशी अजून आहे. मी घेतलेल्या पट्ट्या मी पडेल त्या भावाला विकतोय. रोज एक-दोन जातात. जे येतं ते संध्याकाळी पाकिटात घालून जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवतो. सकाळी पाकीट नसतं. एक शब्द नसतो, पण पाकीट नसतं, हेही काही कमी नाही.

पलंगाखालचे लॅपटॉप भंगारवाल्याला दिले. तो म्हणाला, एवढे कशाला ठेवले होते?

शनिवार, १९ एप्रिल

आज धीर केला. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि वर गेलो. दार उघडंच होतं, तरी वाजवलं. ती खिडकीशी मशीनवर बसून कुणाचा तरी फ्रॉक शिवत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "या." या म्हणाली. बसायला खुर्ची एकच होती आणि तीवर ती होती. मी उभाच राहिलो.

खाली खोली कशी मोकळी केली ते सांगितलं. पलंगाखाली आता झाडू जातो, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "चांगलं केलंत," म्हणाली. बहिणीचा गुडघा आता वाकतो, साडूभाऊ अजून सगळ्यांना चाळीस टेरेसची गोष्ट सांगतात, असं म्हणाली आणि किंचित हसली. मग मी विचारलं.

"माझ्यापुरती जागा आहे का इथे?"

तिने मशीन थांबवलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जमीन मोकळी होती. एक गादी, एक खुर्ची, एक मशीन आणि नुसता उजेड. तिने सगळीकडे नजर फिरवली, जणू ती पहिल्यांदाच मोजत होती.

"भरपूर आहे," ती म्हणाली. "म्हणूनच म्हणते, थोडे दिवस तशीच राहू द्या."

मी खाली आलो. ती रागाने बोलली नव्हती. 'थोडे' म्हणजे किती, हे विचारायला पुन्हा जिना चढलो. अर्ध्यावर लक्षात आलं की तिचं बोलणं या वेळी मला नीट कळलंय. तिथूनच परत फिरलो.